फळ्याच्या कोपऱ्यातली सरासरी

उत्तर काढायचं नाही, असं पोरांना बजावणारे गणिताचे मास्तर मी आयुष्यात एकच पाहिले. शाकीर तांबोळी. माझ्या अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षांचा क्लास घ्यायचे.

माझी अभ्यासिका शिरूरला एसटी स्टँडच्या मागे, खताच्या दुकानाच्या वर. हॉल एकच. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन टाकून अर्ध्यात टेबलं मांडली आणि उरलेला अर्धा सरांना क्लासला दिला. प्लायवूडला कुठली आलीय लाज, पलीकडचं सगळं अलीकडे ऐकू यायचं. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर मी फुकटात बँकेची परीक्षा देण्याइतकी तयार झाले. फॉर्म तेवढा भरायचा राहिला.

सरांचा हातखंडा विषय एकच. पोरं त्याला डेटा सफिशियन्सी म्हणायची. सर म्हणायचे, 'माहिती पुरेशी आहे का?' प्रश्न असतो, त्याच्याखाली दोन विधानं असतात. त्या विधानांवरून उत्तर निघू शकेल का, एवढंच सांगायचं. पहिलं एकटं पुरेसं आहे, की दुसरं एकटं, की दोन्ही मिळून, की दोन्ही मिळूनसुद्धा नाही. उत्तर किती आलं, ते कुणीच विचारत नाही.

"म्हणजे सरकारी कचेरीच झाली की," मी एकदा म्हटलं. "काम करायचं नाही, होईल की नाही तेवढंच सांगायचं."

सर हसले नाहीत. त्यांना विनोद जरा उशिराच कळायचा. म्हणाले, "ताई, उलट आहे. लोक आधी उत्तर काढून मोकळे होतात. आपल्याजवळ उत्तर काढण्याइतकं काही होतं का, हे कुणी बघतच नाही. मी पोरांना तेवढं एकच शिकवतो."

सरासरीची गणितं तर ते इतक्या मायेनं शिकवायचे की मला त्यातल्या म्हशीसुद्धा ओळखीच्या झाल्या होत्या. एका गोठ्यात सहा म्हशी. त्यातली एक लंगडी. लंगडी म्हैस किती दूध देते? विधान पहिलं, सहा म्हशींच्या दुधाची सरासरी नऊ लिटर. पुरेसं आहे का? नाही, कारण कुठली म्हैस किती देते ते त्यातून कळत नाही. विधान दुसरं, लंगडी सोडून उरलेल्या पाचांची सरासरी दहा लिटर. हे एकटं पुरेसं आहे का? तेही नाही. पण दोन्ही एकत्र घेतली तर? सहा नव्वे चोपन्न, पाच दाहे पन्नास. लंगडी चार लिटर देते. "बघा," सर म्हणायचे, "तिच्याबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही आणि तरी ती पकडली गेली." हे म्हणताना ते खूश व्हायचे. पुढं जे झालं ते आठवलं की मला तो खूश चेहरा बघवत नाही.

सर मूळचे दौंडचे. वडील पाशाभाई रेल्वेत रुळांचे सांधे बदलायच्या कामावर होते. सरांनी बीएस्सी केलं, मग वयाची मर्यादा संपेपर्यंत बँकेच्या परीक्षा दिल्या. दर वेळी थोडक्यात हुकले. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायचे, "ताई, माहिती अपुरी आहे." अंगात कायम इस्त्रीचा फुल शर्ट, आणि खडू रुमालात गुंडाळून खिशात. शिरूरला खोली घेऊन राहायचे आणि रविवारी चौफुल्याला गाडी बदलून घरी जायचे. पोरं त्यांना पाठीमागे 'पुरेसे सर' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं, असा माझा वहीम आहे.

त्यांचा एक नियम होता. दर सोमवारी शंभर मार्कांचा पेपर. मंगळवारी तपासलेला पेपर ज्याचा त्याच्यापुढे पालथा ठेवायचा. कुणाचे मार्क दुसऱ्या कुणाला सांगायचे नाहीत, अगदी आईबापालाही नाही. नंबर काढायचे नाहीत, यादी लावायची नाही. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट काढून फक्त वर्गाची सरासरी लिहायची. "सरासरीत सगळे असतात आणि कुणीच दिसत नाही," असं ते म्हणायचे. आपण कुठे आहोत ते ज्यानं त्यानं आपल्या पेपराशी ताडून बघावं.

शिरूरमध्ये हे नवलच होतं. इथं पोरगं दहावीला पास झालं तरी चौकात फ्लेक्स लागतो. मी त्यांना म्हटलं, "सर, मार्क झाकून ठेवायला ती काय तिजोरी आहे का?" तेव्हा त्यांनी मला खातूनआपांचं सांगितलं. खातून ही त्यांची थोरली बहीण. ती सातवीत असताना तिचे गुरुजी सगळ्यांचे मार्क पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत मोठ्यानं वाचायचे आणि शेवटच्याला शाळा सुटेपर्यंत उभं करायचे. एका चाचणीला खातून शेवटची आली. ती दिवसभर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली नाही, ती पुन्हा कधीच गेली नाही. "ती चाचणीच्या वेळी तापातून उठली होती," सर म्हणाले. "गुरुजींनी वाचले ते मार्क खरेच होते. खोटं कुणी काहीच बोललं नव्हतं." खातूनआपा आता दौंडला साड्यांना फॉल लावतात. त्यानंतर मी त्या नियमाची चेष्टा केली नाही.

त्या वर्षी बॅचमध्ये बारा जण होते. दोघे चुलत भावंडं, इनामगावची. स्वराज आणि वैष्णवी. स्वराज तल्लख, बोलका, कुठलंही गणित चुटकीसरशी सोडवायचा आणि सोडवलं की चार जणांना सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. वैष्णवी गप्प. पण क्लास सुटला की माझ्या टेबलावर येऊन बसायची आणि शेवटच्या एसटीपर्यंत मान वर करायची नाही. मला ती पोर आवडायची. माझ्या अभ्यासिकेत येणारी निम्मी पोरं घरच्यांपासून लांब बसायला येतात; ही अभ्यास करायला यायची.

तिच्यापुढे दिवाळीची मुदत होती. श्रावणात तिचे वडील संपतआप्पा स्वतः क्लासवर आले. पांढरे कपडे, कपाळाला बुक्का. गावच्या सोसायटीत वजन असलेला माणूस. बोलण्यात गोड. ते सरांना म्हणाले, "सर, दौंडचं एक स्थळ आलंय. घर मोठं हाय. पोरगी म्हणती, मला एक परीक्षा देऊ द्या. मी न्हाई म्हणत न्हाई. माझं एकच म्हणणं हाय. उसाचं रान एकरी सरासरीच्या खाली गेलं की मी तिथं पीक बदलतो. पोरगी तुमच्या वर्गाच्या सरासरीच्या वर आसंल, तर दिवाळीनंतर बी शिकू दे. खाली आसंल तर उगा तिचं वय कशाला घालवायचं? तुम्ही फकस्त सांगा, वर हाय का खाली."

"मी मार्क ज्याचे त्यालाच सांगतो," सर म्हणाले.

"आवं, मार्क नका सांगू. वर का खाली, एवढंच."

"तेही तिलाच विचारा."

आप्पा हसले. "पोरगी सोताचं वरच सांगणार की. आन् पेपर दावंल, तर त्याच्यावर लाल पेन तुमचाच. तुम्हाला बी फी पायजेच."

सरांचा चेहरा पडला, पण ते हटले नाहीत. वैष्णवी तिथंच उभी होती. ती जूनपासून एका पेपरातही सरासरीच्या खाली गेली नव्हती. हे मला ठाऊक होतं, कारण मंगळवारी पेपर बघून झाला की ती मला नुसती मान हलवून खूण करायची. मी आप्पांना ते सांगितलंही. ते म्हणाले, "तुम्ही बी तिच्याच बाजूच्या," आणि पायऱ्या उतरून गेले.

मला त्या वेळी सरांचा रागच आला होता. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण नियम म्हणजे नियम. नियमाचा माणूस दुसऱ्याला फार महाग पडतो.

दसरा झाला आणि दौंडची मंडळी बघायला येणार म्हणून निरोप आला. नेमका सोमवार. "बघून जाऊ दे, बघण्यानं काय हुतंय," असं आप्पा म्हणाले म्हणे. वैष्णवी पोह्याच्या बशा घेऊन बाहेर गेली आणि इकडे बाकीच्या अकरा जणांनी पेपर दिला. मंगळवारी सरांनी कोपऱ्यात लिहिलं, ६२.

बुधवारी वैष्णवी सकाळीच आली. डोळे सुजलेले. सर म्हणाले, "राहू दे, हा पेपर सोड." ती म्हणाली, "नको सर. दिवाळी आली. माझा एकही पेपर चुकायला नको." माझ्याच टेबलावर बसून तिनं पेपर लिहायला घेतला. थोडा वेळ लिहिलं आणि मग खिडकीतून खाली खताची पोती उतरवणाऱ्या हमालांकडे बघत बसली. वेळ संपल्यावर निम्मा कोरा पेपर तिनं सरांना दिला.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"त्यांना पसंत आहे," ती म्हणाली. "तारीखच विचारत होते."

संध्याकाळी क्लास भरला. सरांनी तिचा पेपर तिच्यापुढे पालथा ठेवला, फळ्याकडे गेले, कोपऱ्यातले ६२ पुसले आणि चौकटीत लिहिलं, ५९. का, तर वर्ग बारा जणांचा आहे, अकरांचीच सरासरी ठेवली तर ते खोटं होईल. बाकी कुठल्याही मास्तरानं तो आकडा पुसायचे कष्ट घेतले नसते. एवढा काटेकोरपणा फक्त याच माणसाला सुचायचा.

मी पार्टिशनच्या दारात चहा घेऊन उभी होते. वैष्णवी ताडकन उठली.

"सर, ते पुसा."

सरांना वाटलं, बेरीज चुकली. "थांब, परत बघतो," म्हणाले. कागदावर मार्क मांडून बेरीज केली, बाराने भागलं. "नाही, बरोबर आहे."

"सर, पुसा ना."

सरांनी पुन्हा एकदा केलं. या वेळी खालून वर बेरीज केली. तिच्याकडे वळून धीर दिल्यासारखे म्हणाले, "दोनदा तपासलं, वैष्णवी. अचूक एकोणसाठ आहे."

ती काय बोलणार? कारण सांगायचं तर सगळ्यांसमोर स्वतःचेच मार्क सांगितल्यासारखं झालं असतं. ती खाली बसली.

तोवर मागच्या बाकांवर पेनं चालू झाली होती. पोरांना शिकवलंच होतं तसं. स्वराजनं हात वर केला. "सर, एक डाउट हाय. अकरा जणांची सरासरी दिली आन् बारा जणांची दिली, तर बाराव्याचे मार्क सांगायला माहिती पुरेशी हाय का?"

सरांचा चेहरा खुलला. "शाबास! पुरेशी आहे. दोन्ही विधानं मिळून पुरेशी आहेत. बघा, बारांची बेरीज वजा अकरांची बेरीज..." आणि खडू घेऊन मांडायलाही लागले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "लंगडी म्हैस." दोघं-तिघं फसफसून हसले.

सरांचा हात थांबला. त्यांनी कोपऱ्यातल्या चौकटीकडे बघितलं, मग वैष्णवीकडे. बारा गुणिले एकोणसाठ, सातशे आठ. अकरा गुणिले बासष्ट, सहाशे ब्याऐंशी. मला पार्टिशनच्या दारातून जमलं, तर त्या पोरांना न जमायला काय झालं? सव्वीस. वैष्णवीनं दप्तर उचललं आणि माझ्या बाजूनं जिना उतरून गेली. सरांनी हातानंच फळा पुसला, डस्टरही घेतला नाही. पण पुसून काय होणार होतं? आकडा बारा जणांच्या डोक्यात होता.

स्वराजनं मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. त्याच्यात तेवढं वाईटपण नाही, आणि तेच मला जास्त खुपतं. त्यानं घरी जाऊन आईला सांगितलं ते आपली हुशारी दाखवायला. कुणी न सांगता मी मार्क काढले, कसे काढले, असं कौतुकानं सांगितलं. आईनं ते जावेला सांगितलं आणि जेवणं व्हायच्या आत आप्पांनी स्वराजला बोलावून मार्क विचारून घेतले. वैष्णवीनं दुसरे सगळे पेपर त्यांच्यापुढे टाकले. आप्पांनी हात लावला नाही. "ते पेनानं लिहिल्यालं हाय," ते म्हणाले. "हे गणितानं आलंय. ह्यात कुणाचं तोंड न्हाई."

गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी सर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "ताई, मला इनामगावला जायचंय. मी एकटा गेलो तर बरं दिसणार नाही. तुम्ही येता का?"

एवढं व्यवहारज्ञान त्यांना होतं. पुरेसं नव्हतं, ते नंतर कळलं.

रविवारी गेलो. आप्पांनी नीट स्वागत केलं. ओसरीत खुर्च्या, चहा, आग्रह, कशाची उणीव नाही. वैष्णवीच चहा घेऊन आली आणि दाराला टेकून उभी राहिली. सरांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत. "आप्पा," ते म्हणाले, "वैष्णवी जूनपासून एकदाही वर्गाच्या सरासरीच्या खाली नाही. हा एकच पेपर खाली गेला. तिचे मार्क सत्तरच्या पुढेच असतात. त्याच्या आधीच्या पेपराला अठ्ठ्याहत्तर होते."

ज्या माणसानं कुणाच्या आईबापाला कधी मार्क सांगितले नव्हते, त्यानं स्वतःच्या तोंडानं ते सांगितले. मला वाटलं, आता तरी काम होईल.

आप्पा शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही तर कुणाचे मार्क सांगत नव्हता."

"आज सांगतोय."

"श्रावणात मी हात जोडून विचारलं, तवा न्हाई सांगितलं. आज न विचारता सांगताय. मी कंचं खरं धरू?"

"दोन्ही वेळा मी खरंच..." सर म्हणाले.

"आन् आजून एक इचारू का, राग नका मानू. बाकीच्या अकरा जणांच्या घरी बी आसंच जाऊन आला का?"

वैष्णवी दारातून म्हणाली, "आप्पा, सर खरं सांगतायत." आप्पांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी उसळून म्हटलं, "आप्पा, मी सोबत आलेय, दिसत नाही का तुम्हाला?" ते म्हणाले, "दिसतंय की ताई. सोबत आणावी लागली, हे बी दिसतंय."

आम्ही उठलो तरी माणूस आपली रीत सोडेना. गाडीपर्यंत पोचवायला आला. वाटेत नदीच्या अंगाला ते पांढरीचं रान लागतं, जिथं पूर्वी खोदकाम झालं. आप्पा तिथं थांबले. "हितं पुण्याची साहेब लोकं आली हुती. माझे वडील खोदायला हुते त्यांच्याकडं. एवढंसं खापर घ्यायची आन् सांगायची, हितली माणसं तीन हजार वर्सांमागं काय खात हुती, मेल्यावर कशी पुरत हुती. त्यांची पुस्तकं झाली. आन् तुम्ही म्हणताय, आख्ख्या पेपरावरनं माझ्या पोरीचं मला काय कळत न्हाई?"

सरांजवळ उत्तर असणार. एका खापरावरून कुणी सांगत नाही, हजारो खापरं जमवून सांगतात, एवढं तर मलाही सुचलं. पण ते बोलले नाहीत. मी बोलले, तर आप्पा "आसंल, आसंल" म्हणत गाडीला हात करायला पुढं गेले.

आमच्या जाण्यानं एकच झालं. दिवाळीनंतर ठरणार होतं ते दिवाळीच्या आत ठरलं. क्लासचा मास्तर घरापर्यंत येतो म्हटल्यावर दौंडच्यांच्या कानावर जायच्या आधी उरकलेलं बरं, असा घरात विचार झाला. आम्ही दार ठोठावायला गेलो आणि बाहेरून कडी घालून आलो.

लग्नाच्या आधी वैष्णवी एकदा अभ्यासिकेत आली. टेबलाच्या खणात तिची पुस्तकं होती, ती न्यायला. सर पलीकडे फळा पुसत होते, ते बाहेर आले. मला वाटलं, पोर रडेल. ती रडली नाही.

"सर, मी पुसा म्हटलं होतं," ती म्हणाली.

"मला वाटलं, बेरीज..."

"तुम्ही दोनदा तपासलंत."

बस, एवढंच. पुस्तकं तिनं उचललीच नाहीत. म्हणाली, "काकू, कुणाला लागली तर द्या," आणि गेली. सर पार्टिशनला धरून उभे होते. सांत्वन करावं असं मला वाटलं नाही आणि बोल लावावा असंही नाही.

त्यानंतर सरांनी सरासरी लिहिणं बंद केलं. पोरं कुरकुरायला लागली. आपण कुठं आहोत तेच कळेना, मग क्लास कशाचा? बाजाराकडे एक नवा क्लास निघाला होता. तिथं मोठ्या टीव्हीवर दर आठवड्याला नावानिशी, फोटोसकट नंबर लागायचे. एकेक करून सगळी तिकडे गेली. त्यांना ते आवडलं. शेवटच्या नंबराच्या पोरालाही आवडलं म्हणे, निदान टीव्हीवर तरी दिसतो. होळीपर्यंत सरांच्या क्लासमध्ये बाक तेवढे उरले आणि पार्टिशन काढून मी तिकडेही टेबलं मांडली.

सर आता रांजणगावला एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. सकाळी कंपनीची बस पकडतात. काम काय, तर प्रत्येक खोक्यातून पाच नग उचलायचे, मोजायचे, त्यांची सरासरी बसली तर आख्खं खोकं पास, नाही बसली तर आख्खं खोकं परत. मला हे सांगताना ते थोडं हसले. तेव्हा मला कळलं की त्यांना विनोद कळतो, आता कळून उपयोग नाही तो भाग वेगळा. सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे चहाला येतात.

अशाच एका सुट्टीला स्वराज पेढे घेऊन आला. बँकेत लागला होता. चौकात फ्लेक्स लागला होताच, त्यावर टीव्हीवाल्या क्लासचं नाव होतं. पण पोरगं कृतज्ञ. सरांना बघताच वाकून पाया पडलं. "सर, डेटाचे तीन प्रश्न सरासरीवरच हुते. तिन्ही बरोबर आले. तुमच्यामुळं."

"छान," सर म्हणाले. "वैष्णवी कशी आहे?"

"मजेत हाय की. घर चांगलं हाय दौंडचं."

"तू विचारलंस तिला?"

"त्यात काय इचारायचं, सर? दिसतंय की."

सर पूर्वीच्याच आवाजात, क्लासमधल्या, म्हणाले, "एक प्रश्न सांगतो. एका मुलीनं जूनपासून दर सोमवारी पेपर दिला. त्यातल्या एका पेपरात तिला सव्वीस मिळाले. त्या पेपराची वर्गाची सरासरी एकोणसाठ. ती मुलगी एकंदरीत वर्गाच्या सरासरीच्या वर आहे की खाली? माहिती पुरेशी आहे का?"

स्वराजनं क्षणभरसुद्धा लावला नाही. "पुरेशी न्हाई, सर. बाकीचे पेपर दिलेलेच न्हाईत."

"हे तुला तेव्हा कळत होतं?"

"कळत हुतं की." त्याला प्रश्नाचं नवल वाटलं. "पण घरी हे कुणी इचारलंच न्हाई, सर. त्यांनी मार्क इचारले. मी मार्क सांगितले."

त्यानं पेढ्याचा बॉक्स पुढं केला. सरांनी एक पेढा उचलला आणि हातातच धरून बसले. उत्तर बरोबर होतं. त्यांच्याच हाताखाली शिकलेलं पोरगं होतं, ते चुकणार कसं?